मदत हवी आहे : पतसंस्थेतील जुने संगणक कोणत्या क्रमाने बदलावेत?

आमच्या पतसंस्थेच्या मुख्य कार्यालयात व शाखांत मिळून २२ संगणक असून, बहुतेकांत इंटेलचे सहाव्या पिढीचे प्रोसेसर असल्याने त्यांवर विंडोज ११ अधिकृतरीत्या बसत नाही. विंडोज १० चा नियमित आधार (मोफत सुरक्षा अद्यतने) तर १४ ऑक्टोबर २०२५ रोजीच संपला. एसएसडी (वेगवान साठवण डिस्क) आणि वाढीव रॅम टाकून वेग सुधारला, सुरक्षेचा प्रश्न तसाच राहिला. ठेव-कर्जाचे सॉफ्टवेअर फक्त विंडोजवर चालत असल्याने लिनक्सचा विचार सोडावा लागला.

संचालक मंडळाने खर्च दोन आर्थिक वर्षांत विभागण्यास मान्यता दिली आहे, मात्र मार्चअखेरीस एकाही काउंटरला हात लावता येणार नाही. मागे राहणाऱ्या यंत्रांसाठी विस्तारित सुरक्षा अद्यतने विकत घेता येतात, पण त्यांचा दर दरवर्षी दुप्पट होत असल्याने तो मार्ग एका वर्षापुरताच परवडेल.

खरी अडचण पासबुक प्रिंटरची आहे. सॉफ्टवेअर छपाई थेट एलपीटी१ कडे, म्हणजे जुन्या प्रिंटरसाठीच्या पॅरलल पोर्टकडे पाठवते आणि नव्या संगणकांना पॅरलल पोर्ट नसतो. यूएसबी कन्व्हर्टर लावून छपाई वळवली, तेव्हा नोंदी पासबुकाच्या घडीवरच उमटल्या. प्रिंटर सुस्थितीत असल्याने ते बदलण्याची तूर्त तयारी नाही.

विंडोज ११ वर पीसीआय एक्सप्रेस पॅरलल कार्ड (संगणकाच्या आत बसवून पॅरलल पोर्ट देणारे कार्ड) लावून अशी थेट छपाई कोणी प्रत्यक्ष चालवली आहे का, आणि ती जमत नसेल तर पहिल्या वर्षी काउंटरऐवजी लेखा विभागाचे संगणक बदलणे योग्य ठरेल का?