एकही ‘प्रयत्न’ न करता विश्वचषक? (रग्बीतल्या ‘ट्राय’ला शब्द हवा आहे)

रेवती, नौपाडा
पुस्तिका छपाईला जायला पाच दिवस उरलेत आणि मी एका शब्दावर अडकलेय. २०२७च्या १ ऑक्टोबरपासून ऑस्ट्रेलियात पुरुषांचा रग्बी विश्वचषक आहे. रग्बी खेळणाऱ्या मुलांच्या आईवडिलांसाठी त्याची माहिती मराठीत करतेय. या वेळी २०ऐवजी २४ संघ, अंतिम सामना १३ नोव्हेंबरला सिडनीत, इथपर्यंत सगळं सुरळीत झालं. मग इतिहासाचं पान आलं आणि मी ‘ट्राय’साठी ‘प्रयत्न’ वापरून लिहिलं, ‘दक्षिण आफ्रिकेने १९९५, २००७ आणि २०२३चे अंतिम सामने एकही प्रयत्न न करता जिंकले.’

आई मेथी निवडता निवडता माझी मुद्रितं वाचते. ती थांबली. ‘प्रयत्न न करता? मग समोरचे झोपले होते काय?’

पुढचं वाक्य तर आणखी अवघड आहे. २०२३ला आफ्रिकेचे १२ गुण चार पेनल्टी किकचे. न्यूझीलंडने ट्राय केला आणि ११वर राहिले. ‘न्यूझीलंडने एक प्रयत्न केला, पण एका गुणाने हरले’ असं लिहिलं की शाळेतल्या उत्तेजनार्थ बक्षिसासारखं वाटतं. ट्राय म्हणजे पाच गुण, खेळातली सगळ्यात मोठी कमाई! काय लिहू?

मोरे सर, ऐरोली
रेवतीताई, मैदानावर काय घडतं ते बघा, शब्द तिथेच आहे. नुसती रेषा ओलांडून गुण मिळत नाही, चेंडू पलीकडे जमिनीला टेकवावा लागतो. म्हणून ‘टेक’. ‘आफ्रिकेने एकही टेक न करता’. मी ३१ वर्षं कबड्डी शिकवली. तिथे निदानरेषा, चढाई, पकड हे शब्द कुणी अनुवाद करून आणलेले नाहीत, पोरांच्या अंगातून आलेत. गंमत बघा, अमेरिकन फुटबॉलमध्ये नाव ‘टचडाउन’ आणि चेंडू टेकवायची गरजच नाही. रग्बीत टेकवायलाच लागतो तर नाव ‘ट्राय’. आपण तरी सरळ नाव ठेवू.

शुभदा, वाशी
सर, टेक कानाला छान लागतं. पण ‘नेक आणि टेक’मधली टेक आधी आठवते, हा पहिला अडथळा. दुसरा मोठा आहे. पेनल्टी ट्रायचं काय करणार? समोरच्याने नियमबाह्य अडवलं नसतं तर ट्राय झालाच असता, असं पंचांना वाटलं की ते तो बहाल करतात. चेंडू कुणी कुठेही टेकवत नाही. विश्वचषकाच्या इतिहासातला पहिलाच ट्राय, १९८७ला ऑकलंडमध्ये न्यूझीलंडला इटलीविरुद्ध मिळालेला, पेनल्टी ट्रायच होता. म्हणजे पहिली टेक न टेकता.

देशपांडे, पाचपाखाडी
माझं मत वेगळं आहे. ‘प्रयत्न’ हाच शब्द बरोबर. ट्रायला ट्राय का म्हणतात ते आधी पाहा. एकोणिसाव्या शतकात सुरुवातीला चेंडू टेकवल्याचे गुणच नसत. टेकवला की गोलावर किक मारून बघायची संधी मिळायची, ती संधी म्हणजे ट्राय. गुण नंतर आले, वाढत गेले आणि १९९२पासून पाच झाले. मूळ अर्थ प्रयत्नाचाच आहे. तो वाचकाला खटकतो म्हणून टाकून द्यायचा, हे मला पटत नाही. ‘षटक’ घ्या. ऑस्ट्रेलियात १९७९पर्यंत आठ चेंडूंची ओव्हर होती. सहाचा अर्थ असलेला शब्द आठ चेंडूंनाही चालला. वापरलं की रुळतं.

शुभदा, वाशी
देशपांडेकाका, षटक रुळलं कारण घरात दुसऱ्या कशाला कुणी षटक म्हणत नाही. ‘प्रयत्न’ आपण दिवसातून दहा वेळा म्हणतो, आणि बहुतेक वेळा काम झालेलं नसतं तेव्हाच म्हणतो. ‘येण्याचा प्रयत्न करते’ म्हणजे येणार नाही, हे लग्नाचं आमंत्रण देणाऱ्या प्रत्येकाला कळतं.

निखिल, कोपरखैरणे
मी खेळतो म्हणून सांगतो. पावसाळ्यात चिखलात आडवे पडलेलो असताना कुणी ‘प्रयत्न’ म्हणत नाही आणि ‘टेक’ही म्हणत नाही. आम्ही ‘ट्राय मारली’ म्हणतो. स्क्रम, रक, मॉल, चेंडूसाठी भिडण्याचे हे सगळे प्रकारही तसेच. मराठी नाव दिलं तर मुलं नव्या प्रशिक्षकासमोर गोंधळतील. रक आणि मॉल या दोन्हींना वर्तमानपत्रात ‘झटापट’ लिहिलेलं मी वाचलंय. रकमध्ये चेंडू जमिनीवर असतो, मॉलमध्ये उभ्या खेळाडूच्या हातात. दोन्हींचे नियम वेगळे. झटापट लिहिलं की दोन्ही गेले.

देशपांडे, पाचपाखाडी
निखिल, ‘मारली’? रेवतीताईंनी ‘ट्राय केला’ लिहिलंय. आधी लिंग तरी ठरवा! इंग्रजी शब्द घेऊन काम संपत नाही, ते असं वाढतं. ‘पायचीत’ आणि ‘त्रिफळाचीत’ करणाऱ्यांनी कुस्तीतलं ‘चीत’ उचललं, म्हणून फलंदाज पाठीवर पडल्यासारखं डोळ्यांपुढे येतं. वि. वि. करमरकरांच्या क्रीडापानांवर वाढलेली आमची पिढी आहे. तेव्हा शब्द शोधायला वेळ काढत.

तात्या, बेलापूर
सगळं वाचलं. मी आट्यापाट्या खेळलेला माणूस. समोर पाट्या, म्हणजे आखलेल्या आडव्या रेषा, धरून गडी उभे, एकेकाला हुलकावणी देत सगळ्या पाट्या ओलांडायच्या आणि परत यायचं, त्याला आम्ही ‘लोण आणलं’ म्हणायचो. रग्बी टीव्हीवर पहिल्यांदा पाहिली तेव्हा मनात हेच आलं. तोच झुकांडा, तीच खांद्याची हूल. ट्रायला ‘लोण’ म्हणा. जुना शब्द आहे, मातीतला आहे.

आमचे आजोबा रग्बीला ‘रग जिरवणारी’ म्हणायचे. ते नाव इंग्लंडमधल्या गावाचं आणि तिथल्या शाळेचं, हे मला मोठेपणी कळलं. तरी त्यांची व्युत्पत्ती मी अजून सोडलेली नाही.

मोरे सर, ऐरोली
तात्या, कबड्डीत लोण म्हणजे समोरचा अख्खा संघ बाद, वरचे दोन गुण. पोरांना काय सांगू, हे लोण पाचाचं आणि ते दोनाचं?

तात्या, बेलापूर
सर, लोण मुळात मीठ. लवण, लोण, त्यातूनच लोणचं. जिंकलेला गडी मीठ घेऊन परतायचा असा खेळ असणार. ‘चळवळीचं लोण गावोगाव पोचलं’ म्हणतो तेही हेच. हातोहात नेलेलं काहीतरी. रग्बीत चेंडू हातोहातच जातो!

शुभदा, वाशी
हातोहात मागे जातो, तात्या. पुढे पास द्यायला बंदी आहे. आणि लोण म्हणजे मीठ हे मान्य, पण खेळातलं लोण तेच कशावरून? माझ्या आजोळी उरणला मिठागर होतं. मिठाच्या राशी लागायच्या, पोरं त्यांच्यामधूनच पकडापकडी खेळायची. तिथे सगळे ‘मीठ’च म्हणायचे. लोण मी कुणाच्या तोंडून ऐकलं नाही.

रेवती, नौपाडा
मी वाक्य बदललं: ‘आफ्रिकेने या तीन अंतिम सामन्यांतले सगळे गुण किक मारून मिळवले.’ १९९५ला तर १५च्या १५ जोएल स्ट्रान्स्कीचे. आईने मान डोलावली. पण पुढच्या पानावर गुणतक्ता आहे, तिथे शब्द लागणारच. सध्या ‘ट्राय’ ठेवलाय, पुल्लिंगी. निखिल, स्त्रीलिंगी करू का? मैदानावर सगळेच ‘मारली’ म्हणतात का?

तात्या, बेलापूर
शुभदाताई, मघाशी थोरल्या बहिणीला फोन केला. ती ८१ वर्षांची आहे. म्हणाली, शेवटची पाटी ओलांडली की मूठभर माती उचलायची, मूठ मिटून परत यायचं आणि आपल्या गड्यांना उघडून दाखवायची. ती माती म्हणजेच लोण. तुमच्या उरणला विचारून बघा ना, कुणी मूठ आणायचं का?