यासुकुनीला ‘भेट’ की ‘दर्शन’?

जपानी बातम्यांचा अनुवाद करताना एका शब्दाशी अडले आहे. पंतप्रधान तोक्योच्या यासुकुनीला गेले, की मराठीत ‘युद्धस्मारकाला भेट दिली’ असे छापून येते. मूळ जपानीत शब्द असतो ‘सानपाई’. ‘भेट’ चालेल का?

– नाही चालणार. ‘सानपाई’तल्या ‘पाई’चा अर्थच नमन. आणि यासुकुनी हे स्मारक नव्हे, ‘जिंजा’ आहे, म्हणजे शिंतो या जपानच्या पारंपरिक धर्माचे देवस्थान. तिथे कोणाच्या अस्थी नाहीत. १८६९ साली ते स्थापन झाले तेव्हाचे नाव ‘शोकोन्शा’, म्हणजे आत्म्यांना आवाहन करण्याचे स्थान. युद्धांत मेलेल्या सुमारे २४ लाख ६६ हजार जणांना तिथे ‘कामी’, अर्थात देव, मानून पुजतात. (आपल्या ‘लढाईत कामी आला’शी या शब्दाचे नाते नाही, पण ऐकताना अंगावर काटा येतो.) मी गेलो तेव्हा पुढच्या आजींनी हात धुतले, चूळ भरली, दोनदा कमरेत वाकल्या, दोन टाळ्या वाजवल्या आणि तशाच हात जोडून कितीतरी वेळ उभ्या राहिल्या. मग पुन्हा एकदा वाकल्या. याला ‘भेट’ कसे म्हणायचे? १९७८ साली १४ ‘अ’ वर्ग युद्धगुन्हेगारही, म्हणजे आक्रमक युद्ध छेडल्याचा ठपका असलेले नेतेही, तिथल्या देवांत सामील केले गेले. चीन आणि कोरिया का चिडतात, हे ‘भेट’ वाचून कळतच नाही. ‘दर्शन घेतले’ लिहा.

– पूजेचा भाव हवा, हे पटले. पण दर्शन म्हणजे पाहणे, आणि तिथे काहीच दिसत नाही. समोर शेवंतीच्या चिन्हाचा पांढरा पडदा, गाभारा त्याच्याही पलीकडे. ‘नमन केले’ हेच नेमके.

– आणि मृतांना ‘हुतात्मे’ म्हणू का? देवस्थान त्यांना ‘एइरेइ’ म्हणते, गौरवशाली आत्मे.

– कृपा करून नको. हुतात्मा म्हणजे ज्याने स्वतःची आहुती दिली तो. त्या यादीत जपानी सैन्यात ओढून नेलेले हजारो कोरियन आणि तैवानी आहेत. ‘आमच्या माणसाचे नाव काढा’ म्हणून त्यांतल्या काहींच्या घरच्यांनी कोर्टात दावे लावले. देवस्थानाचे म्हणणे, एकदा सामील झालेला आत्मा वेगळा काढता येत नाही. देवस्थानाचे बोलणे असेल तिथे ‘एइरेइ’ अवतरणात ठेवा. तुमच्या वाक्यात ‘युद्धात मरण पावलेले’ एवढेच.

– मग असे लिहिते: ‘पंतप्रधानांनी यासुकुनी देवस्थानात जाऊन युद्धात मरण पावलेल्यांना नमन केले.’