‘सरणी’तून ‘सारणी’त : इन्सर्ट क्वेरीसाठी मराठी शब्द

प्रश्न : पीएचपी या संगणकभाषेतील अ‍ॅरेवरून (मूल्यांच्या संचावरून) डेटाबेसच्या टेबलात नोंद भरणारी इन्सर्ट क्वेरी कशी तयार करावी, यावर मी मराठीत टिपण लिहीत आहे. अ‍ॅरेला ‘सरणी’, टेबलाला ‘सारणी’ आणि क्वेरीला ‘पृच्छा’ हे शब्द योजल्यावर पहिलेच वाक्य ‘सरणीतील मूल्ये सारणीत भरण्याची पृच्छा’ असे झाले. ते वाचकाला कळेल का?

प्रतिसाद : ‘सरणी’ हा शब्द मुळात चांगला आहे. ‘सृ’ म्हणजे जाणे, सरकणे या धातूपासून तो आला असून ‘विचारसरणी’मुळे आपल्या ओळखीचाही आहे. परंतु जिथे अ‍ॅरे आणि टेबल एकाच वाक्यात येणारच, तिथे सगळा अर्थभेद एका कान्यावर सोपवू नये. टेबलाला ‘तक्ता’ म्हणावे आणि अ‍ॅरेला अ‍ॅरेच राहू द्यावे.

‘पृच्छा’ मात्र मला अजिबात पटत नाही. पृच्छा म्हणजे विचारणा. सिलेक्टने आपण डेटाबेसला काही विचारतो, इन्सर्टने मात्र नोंद करायला सांगतो. येथे ‘आज्ञा’ हाच शब्द योग्य.

प्रश्नकर्ता : ‘आज्ञा’ आणि ‘तक्ता’ मान्य. इम्प्लोड (अ‍ॅरेतील घटक जोडून सलग मजकूर करणारे फंक्शन) आणि प्लेसहोल्डर (आज्ञेत मूल्याच्या जागी लिहिलेले चिन्ह) यांना काय म्हणावे?

प्रतिसाद : इम्प्लोडला ‘सांधणे’ म्हणता येईल : स्तंभांची नावे स्वल्पविरामाने सांधली. मूल्येही तशीच अवतरणचिन्हांत घालून सांधली, तर एखाद्या मूल्यातले एकेरी अवतरणचिन्ह आज्ञा मध्येच तोडते, आणि इंजेक्शनचा, म्हणजे मूल्यातून परकी आज्ञा घुसवली जाण्याचा, धोका उद्भवतो तो याच ठिकाणी. म्हणून मूल्यांच्या जागी प्रश्नचिन्हे सांधतात आणि मूल्यांचा अ‍ॅरे आज्ञा चालवणाऱ्या एक्झिक्यूटला वेगळा देतात. त्या प्रश्नचिन्हाला ‘स्थानधारक’ असा अवघड शब्द कशाला? ‘राखीव जागा’ म्हटले की, ती मूल्यासाठी मोकळी ठेवली आहे, हे लगेच समजते. तक्त्याच्या किंवा स्तंभाच्या नावासाठी अशी जागा राखता येत नाही, हेही टिपणात अवश्य लिहावे. अ‍ॅरेच्या कीज (मूल्यांची नावे, येथे स्तंभांची) बाहेरून आलेल्या असतील, तर त्या परवानगी असलेल्या नावांच्या यादीशी ताडून घ्याव्या लागतात.

प्रश्नकर्ता : आणि नलसाठी, म्हणजे ‘मूल्यच नाही’ यासाठी, ‘रिक्त’?

प्रतिसाद : नको. इम्प्लोड नलची रिकामी स्ट्रिंग (एकही अक्षर नसलेला मजकूर) करते, आणि ‘रिक्त’ म्हटल्यावर वाचक नेमके या दोहोंना एकच समजेल. नल तसाच लिहावा.