वर्गणीच्या यादीत मोबाईल नंबर, आणि म्हणे माहिती आपली!

गंगावेस_कट्टा: आमच्या पेठेतल्या एका मंडळानं गणपतीच्या वर्गणीची यादी फेसबुकवर टाकली. नाव, रक्कम आणि पुढं मोबाईल नंबर. हिशोब उघडा ठेवला ते चांगलंच, पण नंबर कशाला? विचारलं तर म्हणे, "नंबर काय गुपित हाय व्हय?"

मंडळाचं सोडा. मी फेसबुकवर नाही, तरी माझा नंबर तिथं असणारच. पाहुण्यांपैकी कुणीतरी फोनमधले सगळे कॉन्टॅक्ट ॲपला देऊन मोकळा झालेला असतो. संमती त्याची, माहिती माझी. व्हॉट्सॲप सोडावं तर शाळेचा ग्रुप तिथंच, सोसायटीत पाणी कधी येणार तेही तिथंच. फेसबुकनं ते २०१४ मध्ये विकत घेतलं आणि २०१६ पासून तिकडची माहिती इकडं वापरायची वाट करून घेतली. माणसं वाढतील तसं बाहेर पडणं अवघड, हे कंपनीला पक्कं ठाऊक आहे. कायद्याशिवाय हे आवरणार नाही.

चप्पललाईन: भावा, तुझं दुखणं मंडळाचं, राग काढालायस ॲपवर. माझी निम्मी गिऱ्हाईकं इन्स्टाग्रामवरनं येतात. बेंगळुरूच्या कुणाला कोल्हापुरी पायताण पाहिजे हे मला इथं बसून कसं कळणार? जून २०२५ मध्ये प्राडा या इटलीच्या फॅशन कंपनीनं मिलानमध्ये आपल्यासारखी चप्पल दाखवली, तेव्हा ओरड कुठं झाली? सोशल मीडियावरच. मग चप्पल कोल्हापुरीवरनं घेतलीय हे कंपनीला कबूल करावं लागलं. फुकट सेवा पाहिजे आणि माहितीही द्यायची नाही, असं कसं चालंल?

रंकाळा_फेरी: फुकट कुठली? २०१८ मध्ये उघड झालेल्या केंब्रिज ॲनालिटिका प्रकरणात, म्हणजे राजकीय प्रचाराच्या कंपनीकडं फेसबुकवरची माहिती गेली त्यात, फेसबुकनंच ८.७ कोटी लोकांचा आकडा दिला होता. एक व्यक्तिमत्त्व चाचणीचं ॲप जेमतेम काही लाख लोकांनी घेतलं, बाकीचे सापडले ते मित्रयादीमुळं. जाहिरात दाखवा की, पण त्यासाठी माझ्या मेव्हण्याचा नंबर कशाला लागतो?

चप्पललाईन: बरं, वैयक्तिक माहिती जपायचा कायदा आला की २०२३ मध्ये. आता काय?

वकीलसाहेब_ताराबाईपार्क: आलाय. माहिती सुरक्षित ठेवली नाही तर २५० कोटींपर्यंत दंड, संमती मागे घ्यायचा आणि माहिती पुसून मागायचा हक्क. पण नियम यायला नोव्हेंबर २०२५ उजाडला आणि मुख्य तरतुदींना त्यापुढं १८ महिन्यांची मुदत. शिवाय कलम १७ मध्ये सरकारला मोठी सूट आहे. २०१७ मध्ये नऊ न्यायाधीशांनी खासगीपणा मूलभूत हक्क ठरवला तो सरकारविरुद्धच्या खटल्यात, हे लक्षात घ्या. कंपनीकडून काढून सरकारच्या हाती किल्ली द्यायची असेल तर मी गंगावेसकरांच्या बाजूनं नाही.

गंगावेस_कट्टा: साहेब, सूट नकोच. पण तेवढ्यासाठी कंपन्यांना रान मोकळं सोडायचं का? २०२१ च्या व्हॉट्सॲप धोरणावरून स्पर्धा आयोगानं नोव्हेंबर २०२४ मध्ये मेटाला, म्हणजे फेसबुक-व्हॉट्सॲपच्या मालक कंपनीला, २१३.१४ कोटींचा दंड केला. त्यांना तो किरकोळच, पण 'घ्या नाहीतर चालते व्हा' ही संमती नव्हे, एवढं तरी कुणी म्हणालं.

चप्पललाईन: ते पटलं. बंद करा म्हणू नका, एवढंच माझं. मंडळाच्या पोरांना मी सांगतो, यादी उतरवतील.

रंकाळा_फेरी: यादी उतरवून काय? स्क्रीनशॉट कवाच फिरलाय, मला काल दोन ग्रुपवर आला. पुढच्या साली पावतीपुस्तकातला नंबरचा रकानाच काढायला सांगा.

चप्पललाईन: आणि वर्गणी बुडवणाऱ्याला फोन कुठं करायचा?