अमेरिकेचा नकाशा पुन्हा आखायचा झाला तर?

पाणलोट
कोलोरॅडो आणि वायोमिंग नकाशात दिसले की मला राग येतो. पट्टी ठेवली, चार रेघा मारल्या, झालं राज्य! मधे डोंगर येवो की नदी, रेघ आपली सरळ.

याहून शहाणा नकाशा 1890 च्या सुमारास जॉन वेस्ली पॉवेलने काढला होता. एक हात यादवी युद्धात गमावलेला हा माणूस 1869 मध्ये होडीतून कोलोरॅडो नदीच्या घळीतून गेला होता. पश्चिमेच्या कोरड्या मुलखाचे त्याने पाणलोटांप्रमाणे तुकडे पाडले. तो रंगीत नकाशा गोधडीसारखा दिसतो, आणि एकही ठिगळ चौकोनी नाही. एका खोऱ्यातल्या लोकांनी आपल्या पाण्याचा निर्णय आपसात घ्यावा, एवढंच त्याचं म्हणणं. 1893 मध्ये लॉस एंजेलिसच्या सिंचन परिषदेत त्याने सांगितलं की पश्चिमेच्या सगळ्या जमिनीला पुरेल एवढं पाणीच नाही. लोकांनी त्याची हुर्यो उडवली. पुढे 1922 च्या करारात कोलोरॅडो नदीच्या वरच्या खोऱ्याला 75 लाख एकर-फूट (एक एकर-फूट म्हणजे एकरभर जमिनीवर फूटभर उभं राहील एवढं पाणी) आणि खालच्याला तेवढंच पाणी वाटून टाकलं. नदीत सरासरी तेवढं पाणी येतच नाही. आता ती बहुतेक वर्षी समुद्रापर्यंत पोचतसुद्धा नाही.

माझं मत पक्कं आहे: पॉवेलची गोधडी घ्या, आणि नावं त्या त्या मातीतली ठेवा.

सरळ_रेघ
अजिबात पटलं नाही. नदीचा भरवसा काय? कास्कास्किया हे इलिनॉयच्या पहिल्या राजधानीचं गाव. 1881 मध्ये मिसिसिपीने पात्र बदललं आणि ते पलीकडच्या मिझुरी राज्याच्या काठाला जाऊन पडलं. आजही राज्याच्या उरलेल्या भागात जायचं तर त्यांना नदी ओलांडावी लागते. अक्षांश कुठे पळून जात नाही.

पाणलोट
अहो, नदीची सीमा तुम्ही करताय! पॉवेल नदी मधोमध ठेवतो. त्याची सीमा डोंगराच्या कण्यावरून जाते, जिथे पाण्याच्या वाटा फुटतात. आपल्या महाबळेश्वरलाच बघा ना. कृष्णा तिथून बंगालच्या उपसागराकडे जाते आणि सावित्री अरबी समुद्राकडे. तो कणा काही पुराने हलत नाही.

डेनव्हरवासी
माझ्या घरातल्या नळाचं काय करता? रॉकी पर्वताच्या पश्चिम उतारावरचं पाणी बोगद्यांतून पूर्वेला आमच्या डेनव्हरकडे आणतात. तुमच्या नकाशात डेनव्हर एका राज्यात आणि त्याचं पाणी दुसऱ्यात जाईल. लॉस एंजेलिसही कोलोरॅडोच्या खोऱ्याबाहेर आहे, तरी त्या नदीचं पाणी पितंय. शहरं वसून गेली हो, आता खोऱ्याने राज्य पाडलं तर तंटे दुप्पट होतील.

पाणलोट
मुद्दा लागला, मान्य. पण तशी राज्यं असती तर बोगदा खणण्याआधी डोंगरापलीकडच्यांना विचारावं लागलं असतं. मला तेच हवंय.

अक्षरवेडी
रेघांचं तुम्ही बघा, मी नावांसाठी भांडणार. 1784 मध्ये, पुढे राष्ट्राध्यक्ष झालेल्या जेफरसनच्या मसुद्यात दहा नव्या राज्यांची नावं होती: पॉलिपोटॅमिया, असेनिसिपिया, पेलिसिपिया वगैरे. पॉलिपोटॅमिया म्हणजे पुष्कळ नद्यांचा देश. तोंडात घोळवत बसावं असं नाव, मला फार आवडतं! आणि शेवटी मिळालं काय, तर वायोमिंग. ते पेनसिल्व्हेनियातल्या एका दरीचं, लेनापी भाषेतलं नाव. दोन हजारांहून जास्त किलोमीटर दूर, शोशोनी आणि अरापाहो लोकांच्या मुलखाला नेऊन चिकटवलं.

सगळ्यात जास्त वाईट वाटतं ते कधी न झालेल्या सेक्वोया राज्याचं. 1905 मध्ये चेरोकी, चोक्टॉ आणि आणखी तीन मूळनिवासी जमातींनी मस्कोगीत जमून स्वतःच्या राज्याची घटना लिहिली. मतदारांनी ती मंजूरही केली, पण वॉशिंग्टनमधल्या केंद्र सरकारने दाद दिली नाही. ज्या माणसाने चेरोकी भाषेला लिपी दिली, त्याचं नाव राज्याला मिळणार होतं. लिपीकर्त्याच्या नावाचं राज्य, विचार करा!

सरळ_रेघ
त्या भागाचं आजचं राज्य ओक्लाहोमा, हेही चोक्टॉ भाषेतलंच नाव आहे. ओक्ला म्हणजे लोक, हुम्मा म्हणजे तांबडे. ते सुचवलं चोक्टॉंच्याच प्रमुखाने, 1866 मध्ये. मग अन्याय कुठे झाला?

अक्षरवेडी
नाव राहिलं, राज्य गेलं. 1907 मध्ये या जमातींचा आणि शेजारचा असे दोन प्रदेश एकत्र करून एकच राज्य केलं, आणि त्यात हे लोक अल्पसंख्यच होते.

डेनव्हरवासी
मागच्या उन्हाळ्यात आईला घेऊन फोर कॉर्नर्सला गेलो होतो. चार राज्यं मिळतात तिथे जमिनीत धातूची चकती बसवली आहे. आईने साडी सावरत त्यावर एकेका राज्यात एकेक हात-पाय टेकले आणि फोटो काढायला लावला. आजूबाजूला नवाहो बायका दागिने विकत होत्या. तीन बाजू नवाहोंच्या, चौथी यूट लोकांची. अ‍ॅरिझोनात उन्हाळ्यात घड्याळं पुढे करत नाहीत, नवाहो भागात मात्र करतात. त्यामुळे त्या चकतीच्या चारही बाजूंना घड्याळ एकच.

सरळ_रेघ
आईंना तो आनंद रेघांनीच दिला! 1875 मध्ये मोजणीदाराने तो बिंदू जागेवर कायम केला. ठरलेल्या जागेपासून तो जरा सरकलाय, पण कायद्याने जमिनीवरची खूणच खरी.

पाणलोट
सरकलाय ना? मग अक्षांश पळत नाही म्हणालात ते?

सरळ_रेघ
चुकली ती एकदाच, आणि सगळ्यांनी मिळून मान्य केली. मिसिसिपी कुणाला विचारून हलली होती?