मायची जीभ पाहून चिनी पुड्या दिल्या, बीपीच्या गोळीसोबत चालते का?

पऱ्हाटीवाली (दारव्हा तालुका):
नमस्कार जी. माय ५८ वर्षांची आहे. दिवाळीपासून कापूस वेचताना एक पाथ पुरी होत नाही, धुऱ्यावर जाऊन बसते. धाप लागते. जाऊबाईनं सांगितलं म्हणून तालुक्याबाहेर एका चिनी औषधं देणाऱ्यांकडे नेलं. त्यांनी दोन्ही मनगटांवर तीन-तीन बोटं ठेवली, आधी अलगद, मग दाबून. मग मायले खिडकीजवळ नेऊन जीभ पाह्यली. मीही वाकून पाह्यली. फिकी, फुगल्यासारखी, अन् कडेनं दातांचे वळ, करंजीची मुरड असते ना तसे. "प्लीहेची शक्ती कमी" म्हणाले. महिनाभराच्या पुड्या दिल्या. चिठ्ठीवर जिनसेंग, बायजू, फूलिंग अन् गानत्साव आहे. माय बीपीची अॅम्लोडिपिन घेते, ते त्यांनी विचारलं नाही, माझ्याही लक्षात आलं नाही. चार दिवस झाले पुड्या सुरू करून. काय करू? माय तर खुश आहे. म्हणते, आजवर एवढा वेळ माझा हात कोणी धरला नव्हता.

जुना वैद्य (आर्वी):
ताई, पुड्या आजच थांबवा. बीपीची गोळी मात्र एक दिवसही चुकवू नका.

चिठ्ठीवरचं औषध त्यांच्याकडचं फार जुनं आहे, चीनच्या सोंग राजवटीपासूनचं. त्याच्या नावाचा अर्थ 'चार सज्जनांचा काढा'. थकवा, भूक नाही, जीभ फिकी, तिच्यावर दातांचे वळ, तर ते हेच देतात. म्हणजे त्या माणसानं मनचं काही केलं नाही, त्याच्या शास्त्राप्रमाणेच केलं. पण गानत्साव म्हणजे ज्येष्ठमधाच्याच कुळातली मुळी. ती अंगात मीठ-पाणी धरून ठेवते, पोटॅशियम घालवते अन् बीपी चढवते. या काढ्यात ती थोडी असते, पण रोज, महिनाभर, अन् तेही बीपीच्या माणसाला? मी दिली नसती.

त्यांची 'प्लीहा' म्हणजे आपली पानथरी नव्हे, हेही मायले समजावून सांगा. अन्नातून ताकद काढायची शक्ती, असा त्यांचा अर्थ. डाव्या मनगटावर ते हृदय, यकृत, मूत्रपिंड पाहतात, उजव्यावर फुप्फुस, प्लीहा अन् पुन्हा मूत्रपिंड. त्यांचे जुने वैद्य वांग शूहे यांनी तिसऱ्या शतकात नाडीचे २४ प्रकार लिहिले, ली शिचेन यांनी १५६४ मध्ये २७. एक नाडी ताटलीत मोती घरंगळावेत तशी, एक धनुष्याच्या दोरीसारखी ताठ. आपल्या आयुर्वेदातल्या शार्ङ्गधरानं वाताची सापासारखी, पित्ताची बेडकासारखी, कफाची हंसासारखी सांगितली. मी ३१ वर्षं नाडी पाहतो, मला तिच्याबद्दल आदर आहे. पण माझ्या बोटांना हिमोग्लोबिनचा आकडा कळत नाही. कोणाच्याच बोटांना कळत नाही. फिकी जीभ आम्हालाही दिसते, त्यांनाही, एमबीबीएसवाल्यालाही. ती दिसली की पुढची पायरी रक्त तपासणं हीच.

एक विचारतो, राग मानू नका. माय खर्रा खाते का?

पऱ्हाटीवाली:
हाव जी, खाते. त्या दिवशी बसमध्येही खाल्ला होता.

जुना वैद्य (आर्वी):
मग पाहा. सुपारी, चुना, तंबाखू यानं जिभेचा रंग अन् थर दोन्ही बदलतात. जीभ उजेडात पाहायची अन् रंग सोडणारं काही खाल्ल्यावर पाहायची नाही, हा चिनी वैद्यांचाच नियम आहे. त्यांनी विचारायला पाहिजे होतं. तोंड पूर्वीइतकं उघडते का, तिखट झोंबते का, गालात पांढरा चट्टा आहे का, तेही दाखवून घ्या.

लॅबवाला (नेर):
ताई, प्राथमिक आरोग्य केंद्रात हिमोग्लोबिन करा. बाईमाणसाचं १२ च्या खाली म्हणजे रक्त कमी, ८ च्या खाली असेल तर थांबायचं नाही. सिकलसेलची (रक्ताचा आनुवंशिक आजार) सोल्युबिलिटी टेस्टही सांगा, विदर्भात ती करून टाकलेली बरी. ५८ व्या वर्षी रक्त कमी निघालं तर ते कुठून जाऊन राहिलं, हे शोधायला लावा. नुसत्या लोहाच्या गोळ्या घेऊन घरी येऊ नका. काळी शौच होते का, विचारा. माझी सख्खी मावशी दोन वर्षं 'अशक्तपणा' म्हणून टॉनिक पित राहिली. आतड्यातून रक्त जात होतं, कळलं तेव्हा उशीर झाला होता.

पऱ्हाटीवाली:
आठ दिवसांनी लिहितेय. हिमोग्लोबिन ६.९ निघालं. सोल्युबिलिटी निगेटिव्ह. बीपी १६४/९६ होतं, पुड्या बंद केल्यावर काल १४२/८८ आलं. पुड्यांनीच चढलं होतं का, हे डॉक्टरीणबाई ठामपणे सांगत नाहीत. काळ्या शौचाचं मी विचारलं तर माय दोन मिनिटं गप्प बसली, मग म्हणाली, पोळ्यापासून होते. घरात कोणाले सांगितलं नव्हतं. सोमवारी यवतमाळले दुर्बिणीची तपासणी आहे, त्याआधी रक्ताची एक बाटली चढवणार आहेत.

वैद्यबुवा, खर्रा बंद केला नाही, पण अर्ध्यावर आला आहे. रात्री झोपताना मी तिच्या मनगटावर तीन बोटं ठेवून बसते. मले काहीच कळत नाही, नुसती धडधड लागते. पण तेवढ्या वेळात ती बोलते. काळ्या शौचाचंही तेव्हाच बोलली.