लिप्पनसाठी पुठ्ठा नकोच
लिप्पन म्हणजे माती नि आभले (आरशाचे छोटे तुकडे) लावून केलेलं कच्छी नक्षीकाम. ते पुठ्ठ्यावर केलं तर टिकेल का, असं एकाने विचारलंय. नाही टिकणार. माती वाळताना आकसते नि पुठ्ठा ओढून धरते, तो वाकतो की आभले पटापट सुटतात. फूट-दीड फुटाच्या कामाला ६ मिमी एमडीएफ (लाकडाचे तंतू दाबून केलेली फळी) पुरे, त्याहून मोठ्याला १२ मिमी प्लाय. एमडीएफचा वैरी पाणी. फुगायला सुरुवात कडांपासून होते, म्हणून प्रायमर (रंगाआधीचा अस्तराचा थर) दोन्ही बाजूंना आणि कडांना दोन हात. आपल्या बडोद्याच्या पावसाळ्यात पाठ कोरी ठेवली तर फळी हमखास वाकडी! भिंतीवर टांगायचं तर, शहरातल्या मांडवीकडच्या जुन्या घरांत चुन्याचा गिलावा भुसभुशीत असतो, तिथे नुसता खिळा धरत नाही. ड्रिलने भोक पाडून प्लग बसवा. दुहेरी टेपवर तर मी कॅलेंडरही लावणार नाही.